२९९ रुपयांची पीडीएफ घ्यावी का? पैसे भरण्याआधीचं काम

मागच्या उन्हाळ्यात एका रात्री साडेनऊला मावसभावाचा फोन आला. सांगोल्याजवळ त्याची दोन एकर जमीन आहे, स्वतः तो चाकणला कंपनीत. "दादा, शेळीपालनाचं ई-पुस्तक आहे. अडीच हजाराचं दोनशे नव्व्याण्णवला देतायत. आज रात्री बारापर्यंतच. घेऊन टाकू का?"

मी म्हटलं, "घे. पण बारा वाजून दहा मिनिटांनी."

सव्वाबाराला त्याचा मेसेज आला. जाहिरातीतलं उलटं घड्याळ बारा वाजता शून्यावर आलं आणि परत तीन तासांपासून चालू झालं होतं.

मी काही फार शहाणा नाही. माझ्या फोनमध्ये 'नंतर वाचू' नावाचा फोल्डर आहे. त्यात पैसे मोजून घेतलेल्या फायली पडल्यात आणि बहुतेकींची पहिली आठ-दहा पानंच उघडली गेली आहेत. पण त्याच फोल्डरमध्ये दोन-तीन अशा आहेत की त्यांना दहापट पैसे दिले असते तरी खंत वाटली नसती. किमतीवरून हा फरक ओळखता आला नसता, आणि पानांच्या संख्येवरून तर नाहीच. तो कशावरून ओळखायचा हे मला उशिरा कळलं. भावासोबत बसून आम्ही जे केलं ते इथे क्रमाने लिहितोय. विषय शेळ्यांचा असला तरी स्पर्धा परीक्षेच्या नोट्स असोत, केकचा कोर्स असो की शेअर बाजाराचं 'गुपित', रीत तीच.

आधी प्रश्न लिहा, कागदावर

"शेळीपालन शिकायचंय" हा प्रश्न नाही, ती इच्छा आहे. अशी पुस्तकं विकणाऱ्याला नेमकी इच्छाच हवी असते, कारण तिला कुठलंही उत्तर चालतं. भावाला मी वहीचं पान फाडून दिलं आणि पाच प्रश्न लिहायला सांगितलं. अर्धा तास लागला. त्याने लिहिलं ते असं:

दोन एकरांतल्या चाऱ्यावर किती शेळ्या जगतील? बंदिस्त (गोठ्यातच) की अर्धबंदिस्त (थोडा वेळ बाहेर चरायला)? पहिली विक्री होईपर्यंत खिशातून किती जातील? पावसाळ्यात करडं मरतात ती का, आणि काय करायचं? बोअर एप्रिलमध्ये आटली तर चारा कुठून आणायचा?

हे पान पुढे प्रत्येक पायरीवर लागतं. प्रश्नच सुचत नसतील तर खरेदीची वेळ अजून आलेली नाही. तोवर यूट्यूब पाहा, दोन गोठे बघून या, मग लिहा.

मग एक तास फुकटात

फुकटात म्हणजे रील बघत नव्हे. त्या विषयाचं सरकारी किंवा विद्यापीठाचं जे असतं ते शोधायचं. रुक्ष असतं, पण खरं असतं. शेळ्यांच्या बाबतीत आमच्या हाताशी बरंच निघालं. मोहोळला कृषी विज्ञान केंद्र आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात संगमनेरी शेळीवर वर्षानुवर्षं काम चाललंय. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचं शेळ्या-मेंढ्यांवरचं काम तर देशभर माहीत आहे. बँकांमार्फत चालणाऱ्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, ज्यांना लोक आरसेटी म्हणतात, तिथे राहण्या-जेवणासह प्रशिक्षण मोफत मिळतं आणि त्यात शेळीपालनही असतं.

इतर विषयांतही हेच. एमपीएससीचा अभ्यासक्रम आणि मागच्या प्रश्नपत्रिका आयोगाच्याच संकेतस्थळावर आहेत. बालभारतीची आणि एनसीईआरटीची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये मोफत आहेत, तरी त्यांचाच 'प्रीमियम संच' करून विकणारे मी पाहिलेत. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या एनआयएसएम या संस्थेची गुंतवणूकदारांसाठीची परीक्षा आणि तिचं वाचनसाहित्य दोन्हीला पैसे पडत नाहीत. मराठी विश्वकोश पूर्ण ऑनलाइन आहे. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचे कितीतरी ग्रंथ आणि ई-साहित्य प्रतिष्ठानची पुस्तकं नुसती उतरवून घ्यायची.

तासानंतर वहीच्या पानावर परत यायचं आणि उत्तर मिळालेले प्रश्न खोडायचे. भावाचा दुसरा प्रश्न पूर्ण सुटला, पहिला निम्मा. उरलेलं जे आहे तेवढ्यासाठीच पैसे द्यायचे की नाही, हा आता प्रश्न.

पैसे नक्की कशाचे द्यायचे?

नुसती माहिती आता कुठेही मिळते, तिच्यासाठी पैसे मोजायचं कारण नाही. पैसे द्यायचे ते निवडीचे, क्रमाचे, स्वतः ठेच लागलेल्या माणसाच्या आकड्यांचे, आणि आपण अडलो तर उत्तर देणाऱ्याचे. या चारपैकी एकही नसेल तर फाइल कितीही देखणी असो, ती गूगलच्या पहिल्या पानाची झेरॉक्स आहे.

माझंच उदाहरण देतो. आमच्या सोसायटीचा मी सचिव. मानीव अभिहस्तांतरणाचं, म्हणजे बिल्डर करून देत नसताना जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर करून घ्यायचं, बोलीभाषेतल्या डीम्ड कन्व्हेयन्सचं, घोंगडं वर्षानुवर्षं भिजत पडलेलं. सदनिका मालकीचा कायदा १९६३चा, नमुना ७ मधला अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे करायचा, कागदपत्रांची यादी सरकारी संकेतस्थळावर. सगळं फुकट आणि सगळं मी वाचलेलं. तरी गाडी हलेना. मग एका निवृत्त माणसाची ३८ पानांची पीडीएफ ४५० रुपयांना घेतली. तिच्यात नवीन माहिती जवळजवळ नव्हतीच. होता तो क्रम. आधी कुठला कागद, इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा उतारा, नसलेल्या सदनिकांचं काय, भोगवटा प्रमाणपत्र नसेल तर काय जोडायचं, सुनावणीत बिल्डरचा वकील हमखास कोणता मुद्दा काढतो. तीन महिन्यांत आमची फाइल तयार झाली. ते साडेचारशे रुपये मी सोसायटीच्या खर्चात टाकले नाहीत, मला ते आनंदाने सोसायचे होते.

विक्रीचं पान वाचायची कला

इथे थोडं थांबतो, कारण पुस्तक कसं आहे हे बऱ्याचदा पुस्तक न उघडताच कळतं.

पहिलं ते उलटं घड्याळ. ब्राउझरच्या खाजगी खिडकीत तेच पान उघडा. घड्याळ नव्याने सुरू झालं तर ते तुमच्यासाठी चाललेलं नाटक आहे. "फक्त १७ प्रती शिल्लक" हा त्याचाच भाऊ. पीडीएफची प्रत संपते कशी, हे मला कुणीतरी एकदा समजावून सांगावं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ युक्त्यांना बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. खोटी घाई त्यात पहिल्या क्रमांकावर आहे. गुपचूप टोपलीत जादा वस्तू टाकणं, शेवटच्या पायरीवर किंमत वाढवणं, नकार देणाऱ्याला लाजवणं हेही त्यात आहे. लाजवणं म्हणजे काय, तर भावाच्या त्या पानावर खाली बारीक अक्षरात बटण होतं: "नको, मला नोकरीतच सडायचंय."

पैसे भरायच्या पानावर आधीच बरोबरची खूण केलेला चौकोन शोधा. त्यात '४९ रुपयांत व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप' किंवा '९९ला बोनस संच' असतो. खूण काढा आणि मग रक्कम वाचा. १८ टक्के जीएसटी वरून लागला की २९९चे ३५३ होतात.

मग मजकुराचा अस्सलपणा. बाजारात पुनर्विक्रीच्या हक्कासह ई-पुस्तकांचे गठ्ठे मिळतात. पाच-दहा हजार फायली दोनशे रुपयांत, नाव बदला आणि विका. परदेशातल्या जुन्या मजकुराचं भाषांतर करून त्यावर मराठी मुखपृष्ठ चढवलेलं असतं. ओळखायचं कसं? नमुन्याच्या पानावरचं एखादं वाक्य अवतरणचिन्हात टाकून शोधा. आणि शब्द बघा. भावाला पाठवलेल्या दोन नमुना पानांत शेळ्यांना 'अल्फाल्फा' द्यायला सांगितलं होतं. सोलापूर जिल्ह्यात शेळी पाळलेला कुठला माणूस लसूणघासाला अल्फाल्फा म्हणेल? शेवरी नाही, सुबाभूळ नाही, हादग्याचा पाला नाही. आणि कडाक्याच्या थंडीत गोठ्यात उष्णतेचे दिवे लावायला सांगितले होते. सांगोल्यात!

आता यंत्राकडून, म्हणजे एआयकडून, लिहून घेतलेल्या पुस्तकांची भर पडली आहे. स्वयंप्रकाशित पुस्तकं इतकी वाढली की सप्टेंबर २०२३मध्ये किंडलच्या प्रकाशन विभागाने एका लेखकाला दिवसाला तीनच नवी पुस्तकं टाकता येतील अशी मर्यादा घातली. दिवसाला तीन! अशा पुस्तकाची खूण म्हणजे सगळी प्रकरणं सारख्याच लांबीची असतात, प्रत्येकाच्या शेवटी निष्कर्ष असतो आणि अख्ख्या पुस्तकात एकही गावाचं नाव, एकही फसलेला प्रयोग, एकही पावती सापडत नाही.

अभिप्रायांना मी फार किंमत देत नाही. "खूप छान माहिती सर" यातून काहीच कळत नाही. "पान चाळीसवरचा चाऱ्याचा तक्ता वापरला, हत्तीघास आमच्याकडे चालला नाही" असं कुणी लिहिलं असेल तर मात्र थांबून वाचतो.

लेखकाला एक प्रश्न विचारा

खरेदीच्या आधी, एकच, नेमका. भावाने मेसेज केला: "पीपीआरची लस करडाला कितव्या महिन्यात द्यायची?" पीपीआर हा शेळ्यांचा साथीचा जीवघेणा आजार. याचं उत्तर एका ओळीचं आहे: तीन-चार महिन्यांचं झाल्यावर. ज्याने शेळ्या पाळल्या त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. उत्तर आलं, "सर, सगळं पुस्तकात आहे, लवकर ऑर्डर करा, ऑफर संपतेय."

दुसरी गोष्ट विचारायची ती म्हणजे अनुक्रमणिका आणि मधलं कुठलंही एक पान. पहिलं नको, ते सगळ्यांचंच बरं असतं. किंडल आणि गूगल प्ले बुक्सवर नमुना मिळतोच. स्वतंत्र विक्रेत्याने द्यायला कां-कूं केली तर तिथेच सोडा.

आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची: या माणसाचं घर शेळ्यांवर चालतं की शेळ्यांवरच्या पुस्तकावर? दुसऱ्यावर चालत असेल तरी हरकत नाही, चांगले शिक्षक असतातच. पण मग त्याने स्वतःचा गोठा दाखवून "महिना लाख" म्हणू नये.

दावा पाटीवर मांडा

त्या पानावर ठळक अक्षरांत होतं, "फक्त १० शेळ्यांतून महिना ५० हजार". आम्ही हिशोब केला. नीट सांभाळलेली शेळी दोन वर्षांत तीन वेळा विते. उस्मानाबादी जातीच्या शेळीला जुळी बऱ्याचदा होतात, तरी सरासरी वेताला दीड धरू. म्हणजे शेळीमागे वर्षाला सव्वादोन करडं, दहांची बावीस. दोन मेली, वीस उरली. पाटी, म्हणजे मादी करडं, वगैरे काही न ठेवता सगळी विकली असं धरू. महिना ५० हजार म्हणजे वर्षाला सहा लाख. सहा लाख भागिले वीस, एका करडाला तीस हजार. तेही चारा, औषध, मजुरी शून्य धरून.

भाऊ रविवारच्या सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात लहानपणापासून जातो. आकडा बघून तो खुदकन हसला. इतक्या दिवसांत त्या जाहिरातीवर तो पहिल्यांदाच हसला होता. असा भागाकार कुठल्याही दाव्याचा करता येतो: घरगुती केकच्या कोर्सचा, रीलमधून कमाईचा, सगळ्याचा. आकडे तुमच्या गल्लीतले घाला.

हिशोबाची दुसरी बाजूही आहे. २९९ रुपये ही खरी किंमत नव्हेच. १२० पानं वाचायला एक अख्खी सुट्टी जाते. त्यातलं ऐकून चुकीच्या दिशेला शेड बांधली तर पत्र्याचे पैसे जातात. शिवाय बऱ्याचदा ९९ किंवा २९९चं पुस्तक ही जिन्याची पहिली पायरी असते. तुमचा नंबर मिळाला की फुकट वेबिनार, मग ४,९९९चा कोर्स, मग 'वैयक्तिक मार्गदर्शन'. पैसे भरण्याआधी शोधायचं की हा माणूस याच्यापुढे काय विकतो. पुढची वस्तू मोठी असेल तर हातातलं पुस्तक बहुधा तिची जाहिरात आहे, आणि जाहिरातीला पैसे कशाला द्यायचे?

शेअर बाजाराचं पुस्तक असेल तर

इथे मी जास्त कडक होतो. सेबीने सप्टेंबर २०२४मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे पुढच्या भावावर लावलेल्या सौद्यांमध्ये, उतरलेल्या वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर, माणशी सरासरी सुमारे दोन लाख. हे आकडे डोळ्यांसमोर ठेवून "रोज दोन हजार नक्की" वाचायचं.

शिकवणारा कुठला शेअर घ्या-विका हेही सांगत असेल तर त्याला सेबीची नोंदणी लागते. सल्लागाराचा क्रमांक आयएनए आणि संशोधन विश्लेषकाचा आयएनएच या अक्षरांनी सुरू होतो. तो सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून बघा, पानावर छापलेल्या क्रमांकावर विसंबू नका. दुसऱ्याचा क्रमांक छापणारेही आहेत. 'फक्त शैक्षणिक हेतूने' असं खाली लिहून वर टेलिग्रामवर टिप्स देणारा आपोआपच बाद. बॅलन्स शीट कसा वाचायचा, म्युच्युअल फंडाचा खर्च कसा पाहायचा असलं निरस शिकवणाऱ्या पुस्तकाला मात्र जरूर पैसे द्यावेत.

घ्यायचं ठरलं, मग भरताना

पैसे कुणाच्या खासगी मोबाइल नंबरवर पाठवायचे नाहीत. पावती देणारं पेमेंट पान हवं आणि त्यावर विक्रेत्याचं नाव. "पैसे परत" असं लिहिलं असेल तर त्याच्या अटींचा स्क्रीनशॉट आधी काढा. सात दिवसांत परत मिळतील, पण सगळे व्हिडिओ पाहून गृहपाठ दिल्याचा पुरावा हवा, असली खुबी तिथेच दडलेली असते.

यूपीआयवर मंजुरी देताना ती एकदाच्या रकमेची आहे की ऑटोपेची, म्हणजे पुढे आपोआप पैसे कापण्याची, हे वाचा. 'पहिला महिना एक रुपया' म्हणजे हमखास ऑटोपे. १५ हजारांपर्यंतचे पुढचे हप्ते पिन न विचारता जाऊ शकतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे चोवीस तास आधी सूचना यायला हवी, पण ती शंभर मेसेजांत हरवते. यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपेची यादी असते. आजच उघडून बघा, एखादा विसरलेला पाहुणा सापडेल.

संदर्भासाठी पुन्हा पुन्हा लागणारं पुस्तक असेल तर स्वतःकडे ठेवता येणारी फाइल मागा. दुकानाच्या अ‍ॅपमध्येच उघडणाऱ्या पुस्तकावर आपल्याला फक्त वाचायचा परवाना असतो. मायक्रोसॉफ्टने २०१९मध्ये आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं तेव्हा पैसे परत दिले, पण लोकांच्या कपाटातली पुस्तकं गेलीच. कादंबरीसाठी याने बिघडत नाही. सोसायटीच्या उपविधींवरच्या टिपणांसाठी बिघडतं.

टेलिग्रामवर तेच फुकट मिळतं, हे मला माहीत आहे. मराठीत लिहून चार पैसे मिळवणारे मोजके, त्यांच्या पोटावर पाय देऊ नये हे एक. आणि पुस्तकाच्या नावाने आलेली फाइल एपीके, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी, असेल तर ती पुस्तक नसते, तुमच्या बँक खात्याची किल्ली मागणारा चोर असतो.

फाइल आली की त्याच संध्याकाळी वहीचं पान शेजारी ठेवून बसा. सुरुवातीपासून वाचू नका. आपले उरलेले प्रश्न तिच्यात शोधा. तासाभरात एकाचंही उत्तर सापडलं नाही तर मुदत आहे तोवर पैसे मागा, लेखी. टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पैसे घेऊन माणूस गायबच झाला किंवा खात्यातून भलतेच पैसे गेले तर १९३०, आणि तेही लगेच. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यांत सरकतात.

भावाने ते २९९चं पुस्तक घेतलं नाही. महिन्याभराने करमाळ्याकडच्या एका शेळीपालकाची ३५० रुपयांची पीडीएफ घेतली. दिसायला गबाळी, निम्मी पानं म्हणजे त्याच्या वहीचे फोटो. पण दोन वर्षांचा जमाखर्च त्यात होता, आणि एक पान पावसाळ्यातल्या अशा आठवड्याचं होतं ज्यात त्याची अकरा करडं गेली: आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यात विष तयार होणाऱ्या आजाराची, लस पुढे ढकलली होती. तिसरा आणि चौथा प्रश्न त्या रात्री खोडले गेले. पहिल्याचं उरलेलं निम्मं चाऱ्याच्या नोंदींवरून जमलं.

पाचवा, एप्रिलमध्ये बोअर आटली तर काय, तो कुठल्याच फायलीत नव्हता. त्यासाठी भाऊ शेजारच्या शेतातल्या तात्यांकडे जाऊन बसला. दोन कप चहा झाला, आणि उठताना तात्यांनी कडब्याची गंज कुठे रचायची ती जागाही दाखवली.